मरळीच्या पोटातले कृमी मोजताना: जाळ्यापासून तक्त्यापर्यंत

दरवर्षी मार्च-एप्रिलात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चे प्रकल्प तपासायला येतात. त्यात दोन-तीन तरी माशांतल्या कृमींवरचे असतातच. मासे १२०, कृमी ३४०, खाली रंगीत वर्तुळाकार आलेख. मी एकच प्रश्न विचारतो, "सतराव्या माशात किती होते?" बहुतेकदा उत्तर मिळत नाही, कारण सगळी आतडी एकाच बरणीत गेलेली असतात. तिथे प्रकल्प संपतो. पुढचं सांख्यिकी कितीही चांगलं असलं तरी हरवलेला मासा परत येत नाही.

कृमींच्या समुदायाचा अभ्यास म्हणजे माशामाशाचा अभ्यास. प्रत्येक मासा हे एक वेगळं बेट आहे, आणि ज्यात एकही कृमी सापडला नाही तेही बेटच आहे. हे डोक्यात ठेवून खालचा क्रम वाचा. उदाहरणासाठी भीमेवरचं उजनी धरण आणि मरळ घेतली आहे. तुमच्याकडे गोदावरी आणि वाम असेल, तरी क्रम बदलत नाही.

## १. आधी प्रश्न, मग माशांची संख्या

"उजनीतल्या माशांतील परजीवी कृमींचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: लहान आणि मोठ्या मरळीत कृमींच्या जाती वेगळ्या असतात का? किंवा धरण भरलेलं असताना आणि पाणी उणे पातळीला गेल्यावर फरक पडतो का? प्रश्न ठरला की कोणते मासे लागतील, किती आणि कधी, हे ठरतं.

मरळीबद्दलचा पहिला प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे. पिल्लं पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर वाढतात, मोठी मरळ मासे आणि बेडूक खाते. बरेचसे कृमी अन्नातूनच आत येतात. पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस हा काटेरी डोक्याचा कृमी घ्या. १९३१ साली वर्णन झालेल्या या कृमीच्या नावातच नागपूर आहे. त्याची अळी सायक्लॉप्ससारख्या कवचधारी सूक्ष्म जीवात वाढते, तिथून लहान माशात जाऊन थांबू शकते आणि मरळीने तो मासा गिळला की पोटात प्रौढ होते. मरळीने काय खाल्लं याची वही म्हणजे तिच्या आतड्यातले कृमी. म्हणून वीस सेंटिमीटरची आणि पंचावन्न सेंटिमीटरची मरळ एकाच तक्त्यात सरसकट घातली तर वही वाचताच येत नाही.

आता किती मासे? एखादा कृमी दर शंभर माशांपैकी पाचांत असेल आणि तो किमान एका माशात तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९ मासे लागतात. दर शंभरी दहांत असेल तर २९ पुरतात. दर गटाला तीस मासे ही सोयीची खालची मर्यादा धरा. चार ऋतू, तीन जाती आणि दर गटात सात मासे, असा पसारा मांडण्यापेक्षा एकच जात आणि दोन गट घ्या.

तपासा: तीस माशांत एखादा कृमी सापडला नाही, तर "तो इथे नाही" असं लिहू नका. तो दहा टक्के माशांत असूनही तुमच्या हातून निसटलेला असू शकतो.

## २. टेबल मांडणं, द्रावणं आणि वही

मासे आणण्याच्या आदल्या दिवशी हे सगळं तयार हवं. मासा टेबलावर आल्यावर मीठ तोलायला बसलात तर आतडं तुमच्यासाठी थांबत नाही. मेल्यानंतर पचनरस आतलं सगळं पचवायला लागतात आणि पट्टकृमीचं डोकं सगळ्यांत आधी खराब होतं.

परवानगी दोन ठिकाणची बघा. मासा कोणाच्या हद्दीतला आहे (मच्छीमार सहकारी संस्था, मत्स्यव्यवसाय खातं, अभयारण्य असेल तर वनखातं) आणि तुमच्या संस्थेची प्राणी-नीतिमत्ता समिती काय म्हणते. जिवंत मासा मारणार असाल तर हे पहिल्याच महिन्यात करा. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, हे तिथे जाळं टाकून झाल्यावर कळलेले लोक मी पाहिले आहेत.

द्रावणांतल्या दोन चुका सतत होतात.

पहिली खारट पाण्याची. गोड्या पाण्यातल्या माशासाठी ०.७ टक्के पुरे, म्हणजे लिटरला ७ ग्रॅम मीठ. आयोडीनचं घरगुती मीठ नको, प्रयोगशाळेतलं घ्या. साध्या पाण्यात पट्टकृमी फुगतो, कधी फुटतो, आणि मग त्याची मापं कशाचीच उरत नाहीत.

दुसरी चूक फॉर्मलिनची, आणि ती फार जुनी आहे. बाटलीतलं फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. आपल्याला कृमींसाठी ४ टक्के फॉर्माल्डिहाइड हवं असतं. म्हणजे एक भाग बाटलीतलं, नऊ भाग पाणी. मुलं "चार टक्के" वाचतात आणि चार मिलीलिटर बाटलीतलं अधिक शहाण्णव पाणी करतात. ते जेमतेम दीड टक्का होतं. सहा महिन्यांनी नमुने मऊ पडतात आणि दोष रंगाच्या बाटलीला दिला जातो.

सत्तर टक्के अल्कोहोलसाठी ९५ टक्क्यांचं ७४ मिलीलिटर घेऊन पाण्याने १०० करा. डीएनएसाठी वेगळी निखळ अल्कोहोलची बाटली ठेवा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या नमुन्याचा डीएनए तुकडे तुकडे होतो, मग तो प्रयोगशाळेला पाठवणं म्हणजे पैसे भीमेत सोडणं.

वहीचे रकाने आधीच आखा: माशाचा क्रमांक, तारीख, ठिकाण, जाळ्याच्या भोकाचा आकार की गळ, जात, एकूण लांबी, शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, वजन, लिंग, पोटात काय सापडलं, आणि मग अवयवागणिक कृमी. "पाण्याची पातळी" हाही रकाना ठेवा. उजनीत पाणी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातं, आणि पाणी आटलं की मासे, गोगलगायी आणि पक्षी एकाच पट्ट्यात गोळा होतात. नंतर आठवून भरता येईल असं वाटतं, पण येत नाही.

सावधान: चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षी मी झाकणांवर लिहिलं होतं. टेबल पुसताना कोणीतरी मदत म्हणून झाकणं गोळा केली आणि नीट लावूनही दिली. फक्त कोणतं कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं. चौदा मासे गेले. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, हा धडा त्याच वर्षातला.

## ३. मासा आणणं

सगळ्यांत सोपा रस्ता उजनीकाठच्या भिगवणच्या बाजाराचा. पहाटे गेलं की मरळ मिळते. पण बाजारातली मरळ कुठली, हे टोपलीवर लिहिलेलं नसतं. धरणातली, शेततळ्यातली, दुसऱ्या जिल्ह्यातून बर्फात आलेली, सगळ्या एका ढिगात. समुदायाचा अभ्यास ठिकाणाशी बांधलेला असतो, ठिकाण गेलं की उरते ती नुसती यादी. त्यामुळे बाजाराऐवजी थेट होडीवर जा, किंवा एका ठरावीक मच्छीमाराशी बोलून ठेवा आणि तो माल किनाऱ्याला लागतानाच घ्या. आणखी एक गोष्ट त्याला सांगा: "दादा, बारका-रोडका वेगळा काढून देऊ नका, जे आलं त्यातून ओळीने द्या." विद्यार्थी म्हटल्यावर चांगला मासा विक्रीला आणि रोगट मासा आपल्याला, हे प्रेमाने होतं. आकडे मात्र बिघडतात.

जात घरी नेण्याआधी नक्की करा. "मरळ" या एका नावाखाली चन्ना मारुलियस आणि चन्ना स्ट्रायाटा दोन्ही विकल्या जातात, आणि लहान डोकऱ्याही कधीकधी त्यात घुसतात. मागूर घेणार असाल तर जास्तच जपा. बंदी असलेला आफ्रिकन मागूर देशी म्हणून सर्रास दिला जातो. शिवाय जुन्या प्रबंधांत क्लॅरियस बॅट्रॅकस म्हणून असलेला आपला मागूर आता क्लॅरियस मागूर या नावाने ओळखला जातो. जुने आकडे शोधताना दोन्ही नावांनी शोधा. प्रत्येक माशाचा पट्टी ठेवून बाजूने फोटो काढा, पोशिंदाच (कृमी ज्याच्या अंगात राहतो तो प्राणी, इथे मासा) चुकला तर कृमींच्या यादीला काही अर्थ राहत नाही.

वाहतुकीचा नियम: एक मासा, एक पिशवी, एक क्रमांक. माशांना एकत्र टोपलीत टाकलं की कल्ल्यांवरचे आणि त्वचेवरचे कृमी एकाच्या अंगावरून दुसऱ्यावर जातात किंवा पाण्यात गळतात. पिशवीतलं पाणी फेकू नका, तेही गाळून बघायचं आहे. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे थोड्या पाण्यात, हवा ठेवलेल्या पिशवीत ती प्रयोगशाळेपर्यंत जिवंत येते. हा तिला निवडण्याचा मोठा फायदा.

तपासा: जिवंत आणणं जमलं नाही तर बर्फावर आणा आणि त्याच दिवशी उघडा. डीप फ्रीजरमध्ये गोठवलेल्या माशातून कृमी मोजता येतात, पण पट्टकृमी आणि पर्णकृमी (पानासारखे चपटे कृमी) रंगवून ओळखण्याच्या लायकीचे राहत नाहीत, आणि कल्ल्यांवरचे बहुतेक हातातून गेलेले असतात. तुमच्या अभ्यासात गोठवलेले आणि ताजे मासे मिसळले असतील तर ते वेगळे गट म्हणून मांडा.

## ४. चिरण्याचा क्रम

मासा लवंग तेलाच्या द्रावणात बेशुद्ध करून मारा. मापं घ्या. मग बाहेरून आत जा. क्रम बदलला की आतला चिखल बाहेरच्या नमुन्यात येतो.

त्वचा आणि पर. भिंगाखाली पूर्ण अंग बघा. काळे ठिपके दिसले तर ते पर्णकृमीच्या अळीच्या कोषांभोवती साठलेलं रंगद्रव्य असू शकतं. सुईने एखादा उघडा.

कल्ले. प्रत्येक कमान वेगळी कापून वेगळ्या काचपात्रात खारट पाण्यात ठेवा. डावी-उजवी, पहिली ते चौथी. हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच वगळलं जातं. इथले मोनोजेनिया गटातले कृमी मिलीमीटरच्याही खालचे असतात, मासा मेल्यावर काही तासांत सुटतात आणि भिंगाखाली धाग्यासारखे हलताना दिसले तरच नजरेत येतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक पोकळी असते, ती उघडून धुवायला विसरू नका.

डोळे. बाहुलीच्या मागचा द्रव आणि भिंग वेगवेगळे बघा. तिथे पर्णकृमींच्या अळ्या सापडतात.

पोटाची पोकळी. गुदद्वारापासून पुढे कापा, कात्रीचं टोक वर ठेवून. आतडं फोडलंत तर तो मासा आतड्याच्या मोजणीत संशयास्पद म्हणून वहीत नोंदवा. मेसेंटरीवर (आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा), यकृतावर आणि मूत्रपिंडाजवळ पांढरे-पिवळे कोष किंवा लालसर गुंडाळलेल्या अळ्या असतात. मरळीत युस्ट्राँजिलायडिस या गोलकृमीच्या लाल, बोटाइतक्या लांब अळ्या सापडल्या तर घाबरू नका, त्या मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जाण्याची वाट पाहत असतात. वाताशयही (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) उघडा. मरळीत तिथे काही नसेल, पण शिवड्यात हाच अवयव वगळलात तर आयसोपॅरोर्किस हा पर्णकृमी हातून जातो, आणि तो एवढा मोठा असतो की नंतर ऐकून लाज वाटते.

आतडं. जठर, त्याच्या टोकाच्या दोन अंधनलिका आणि आतडं वेगळं करा. आतड्याचे सारख्या लांबीचे दहा भाग करा, दोऱ्याने खुणा करा, मग एकेक भाग उभा चिरा. कृमी कुठे राहतात हे समुदायाच्या अभ्यासातलं अर्धं उत्तर आहे. दोन जाती एकाच भागात असतात की एकीच्या हजेरीत दुसरी सरकते, हे त्याशिवाय कळत नाही. मासा थंड पडल्यावर कृमी जागा सोडतात, म्हणून जागेची नोंद फक्त ताज्या माशांचीच धरा.

स्नायू. बाजूंच्या मांसाचे पातळ काप करून उजेडावर धरा. क्लिनोस्टोमम आणि युक्लिनोस्टोमम या पर्णकृमींचे पिवळसर कोष इथे मिळतात. त्यांची कथा धरणावर उभं राहूनच समजते: अळी आधी गोगलगायीत, मग माशात, आणि शेवटी बगळ्यासारख्या पक्ष्यात. क्लिनोस्टोमम पक्ष्याच्या तोंडा-घशात प्रौढ होतो. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. उजनीच्या मरळीत या कोषांची संख्या जास्त आली, तर पक्ष्यांची नोंद का ठेवायची हे तुम्हाला आपोआप कळेल.

सावधान: हातमोजे घाला. काम झाल्यावर उरलेला मासा कँटीनला देऊ नका, कुत्र्या-मांजरांनाही नको.

## ५. मोजणी

पट्टकृमी मोजायचे ते डोक्यांवरून. तुटलेले खंड मोजून आलेला "९८" हा आकडा मी खरोखर वाचला आहे. डोकी चार होती. डोकं भित्तीत रुतलेलं असेल तर ओढू नका. त्या भागाचा तुकडा खारट पाण्यात, थंड जागी काही तास ठेवा, बऱ्याचदा कृमी स्वतः सुटतो. नाहीच सुटला तर भित्तीचा तो छोटा चौकोन कापून घ्या.

आतडं चिरल्यावर उरलेला पाक फेकू नका. उंच काचेच्या भांड्यात खारट पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, वरचं ओता, पुन्हा पाणी. तीन-चार वेळा. मग तळ काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही पार्श्वभूमीवर बघा. पांढरे लहान पर्णकृमी काळ्यावर दिसतात, रक्त प्यायलेले प्रोकॅमॅलॅनस हे गोलकृमी पांढऱ्यावर. पहिल्या फेरीत तुम्हाला मोठेच दिसतील, दुसऱ्या फेरीत संख्या वाढते. दर दहावा मासा दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा बघावा. फरक दोन-तीन कृमींचा असेल तर चालेल, दुपटीचा असेल तर आधीचे सगळे पुन्हा बघा.

काही सापडलं नाही तर शून्य लिहा. रकाना रिकामा ठेवू नका. सहा महिन्यांनी रिकामा रकाना म्हणजे "नव्हते" की "बघितलं नाही", हे कोणालाच सांगता येत नाही.

## ६. ताठ करणं आणि रंगवणं

गटागणिक पद्धत वेगळी, आणि एकच बरणी-एकच फॉर्मलिन ही वाट इथे बंद होते.

पट्टकृमी आणि पर्णकृमी: थोड्या खारट पाण्यात घ्या, पाणी जवळजवळ काढून टाका आणि वर गरम, वाफाळणारं ४ टक्के फॉर्माल्डिहाइड ओता. ते लांब पसरलेल्या स्थितीत एका क्षणात मरतात. दोन काचांमध्ये दाबून मारलेला कृमी छान चपटा आणि चित्रासारखा दिसतो, पण रुंदी फुगलेली असते. त्या रुंदीवर नवी जात उभी राहिलेली मी पाहिली आहे. नंतर ७० टक्के अल्कोहोल, अ‍ॅसिटोकार्मिनचा रंग, चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, क्लोव्ह ऑइल किंवा झायलीन, आणि बाल्सम.

काटेरी डोक्याचे: आधी साध्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये रात्रभर. पाणी आत शिरतं, सोंड बाहेर येते. सोंड आत राहिली तर तिच्यावरचे हुक मोजता येत नाहीत आणि हुक मोजल्याशिवाय जात सांगता येत नाही. वर खारट पाणीच वापरा म्हणून सांगितलं, त्याला अपवाद एवढाच.

गोलकृमी: गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, सरळ होतात. थंडात टाकले तर स्प्रिंगसारखे गुंडाळतात. यांना रंगवायचं नाही, ग्लिसरीनमध्ये पारदर्शक करून बघायचं.

सावधान: अल्कोहोल उघड्या ज्वाळेवर गरम करू नका, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून करा. गरम फॉर्मलिन फक्त धुराड्याच्या कपाटात.

दर जातीचे दोन-तीन नमुने निखळ अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा.

## ७. नाव देणं

इथे माझं मत जरा कडक आहे. आपल्याकडे माशाच्या पट्टकृमींच्या जातींचा पूर आला आहे, विशेषतः मराठवाड्यातून. एका माशातले दोन नमुने, दाबून मारलेले, अंडाशयाचा आकार थोडा वेगळा, की तालुक्याच्या नावाने नवी जात. २०११ साली मागूरमधल्या कॅरिओफिलिड गटाच्या पट्टकृमींची उजळणी झाली तेव्हा नोंदलेल्या ५९ नावांपैकी फक्त ८ वैध ठरली. समुदायाच्या अभ्यासात याचा थेट तोटा असा, की एकाच जातीचे लहान-मोठे नमुने पाच नावांनी मोजले की जातींची विविधता पाचपट दिसते आणि निष्कर्ष बिनबुडाचा ठरतो.

म्हणून: जातीपर्यंत खात्री असेल तर जात, नसेल तर, उदाहरणार्थ सेंगा या पट्टकृमीसाठी, "सेंगा, जात अनिश्चित" असं स्वच्छ लिहा. कोषातल्या अळ्यांना बहुतेकदा कुळापर्यंतच नाव मिळतं, त्यात कमीपणा नाही. आकारातला फरक दिसला तर आधी विचारा की माशाचा आकार, कृमीचं वय आणि मारण्याची पद्धत यांपैकी कशाने तो आला.

## ८. हिशेब

आता तीस मरळींचं एक बनवलेलं उदाहरण घेऊ, हिशेब दिसावा म्हणून. एका जातीच्या कृमीने १२ मासे बाधित. त्यांतली संख्या: १, १, १, २, २, २, ३, ३, ४, ६, १४, ३३. एकूण ७२. उरलेले १८ मासे शून्य.

- प्रिव्हलन्स: १२ भागिले ३०, म्हणजे ४० टक्के.
- सरासरी इंटेन्सिटी: ७२ भागिले बाधित १२, म्हणजे ६.
- सरासरी अबंडन्स: ७२ भागिले सगळे ३०, म्हणजे २.४.

या तिन्ही संज्ञांचे अर्थ १९९७ पासून जगभर याच पद्धतीने पक्के आहेत. आपल्या प्रबंधांत मात्र पहिल्याला "इन्सिडन्स" लिहिण्याची सवय आहे. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने किती बाधित झाले. एकदाच मासा कापून ते कळू शकत नाही.

"इंडेक्स ऑफ इन्फेक्शन" नावाचं एक सूत्रही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं आहे: बाधित मासे गुणिले एकूण कृमी, भागिले एकूण माशांचा वर्ग. आपल्या उदाहरणात १२ गुणिले ७२ भागिले ९००, उत्तर ०.९६. आता प्रिव्हलन्स ०.४ ला अबंडन्स २.४ ने गुणा. तेही ०.९६. म्हणजे या सूत्रात नवी माहिती काहीच नाही, आधीचेच दोन आकडे एकमेकांत मिसळून दिले आहेत. काढून टाका.

आता त्या बारा आकड्यांकडे पुन्हा बघा. सरासरी सहा, पण सहापेक्षा जास्त कृमी फक्त दोन माशांत आहेत, आणि त्या दोघांनी मिळून ७२ पैकी ४७ वाहिले आहेत. मधला आकडा २.५ आहे. शून्यं धरून सगळ्या ३० माशांचं विचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप) आणि सरासरी यांचं गुणोत्तर काढलंत तर साधारण १७ येतं. कृमी माशांवर योगायोगाने सारखे पसरले असते तर ते एकच्या आसपास आलं असतं. ही गर्दी म्हणजे मोजणीतली चूक नव्हे, परजीवी कृमी बहुतेक असेच वाटलेले असतात: थोड्या पोशिंद्यांत खूप, बाकीच्यांत थोडे किंवा काहीच नाहीत. त्या ३३ वाल्या माशाला "अपवाद" म्हणून वगळलंत तर जवळजवळ निम्मे कृमी वगळलेत.

यातून पुढच्या तीन गोष्टी येतात. सरासरीपुढे अधिक-उणे प्रमाण विचलन लिहून भागत नाही, कारण इथे ते सरासरीपेक्षा मोठं येतं आणि खालची मर्यादा शून्याखाली जाते. बूटस्ट्रॅपने (आपल्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने उचलून) काढलेली वरची-खालची मर्यादा द्या. दोन गटांच्या तुलनेला साधी टी-चाचणी कच्च्या आकड्यांवर चालवू नका. प्रिव्हलन्ससाठी फिशरची अचूक चाचणी आणि सरासरीसाठी बूटस्ट्रॅप वापरा. क्वांटिटेटिव्ह पॅरासाइटॉलॉजी हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, सांख्यिकीची आर ही संगणकभाषा येत असेल तर आणखी बरं. तिसरी गोष्ट, टक्केवारीलाही मर्यादा लावा. तीसांत बारा म्हणजे ४० टक्के खरे, पण ९५ टक्के मर्यादा जवळजवळ २३ ते ५९ आहे. दुसऱ्या ऋतूत ३० टक्के आले म्हणून "हिवाळ्यात प्रादुर्भाव घटला" असं लिहिण्याआधी ही रुंदी बघा.

तपासा: महिन्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. एका महिन्यात ४ पैकी २ बाधित (५० टक्के), दुसऱ्यात ४० पैकी ४ (१० टक्के). दोघांची सरासरी ३० येते. खरं उत्तर ४४ पैकी ६, म्हणजे १३.६.

## ९. समुदाय बघणं

इथपर्यंत एकेक जात होती. आता दोन पातळ्या वेगळ्या ठेवा: एका माशातले सगळे कृमी मिळून एक छोटा समुदाय, आणि त्या ठिकाणच्या त्या जातीच्या सगळ्या माशांतले मिळून मोठा समुदाय. सगळ्या माशांची बेरीज करून जातींची विविधता मोजणारा एकच शॅनन निर्देशांक काढणं ही नेहमीची चूक. तो तेहतीस कृमींचा एक मासा पूर्ण निर्देशांक ओढून नेतो. प्रत्येक माशासाठी जातींची संख्या, एकूण कृमी, सर्वाधिक जातीचा वाटा आणि ब्रिलुआँ हा विविधतेचाच दुसरा निर्देशांक काढा. एका माशातले सगळे कृमी मोजले असल्याने, नमुन्यासाठी बनवलेल्या शॅननपेक्षा तो जास्त योग्य आहे. मग त्या तीस आकड्यांची सरासरी आणि मर्यादा.

बिनकृमीचे मासे यात धरले की नाही, हे स्पष्ट लिहा. दोन्ही प्रकारे काढून दाखवलं तर उत्तम.

मासे वाढवत गेलं तसतशी नवी जात कधी मिळायची थांबते, याचा आलेख काढा. तो तिसाव्या माशालाही चढतच असेल तर यादी अपुरी आहे आणि दुसऱ्या धरणाशी तुलना करता येत नाही.

दोन जातींचं "सहअस्तित्व" किंवा "स्पर्धा" दाखवायचा मोह आवरा. मोठ्या मरळीत सगळंच जास्त असतं, त्यामुळे कोणत्याही दोन जाती एकत्र वाढताना दिसतील. आधी लांबीशी संबंध स्पिअरमनच्या क्रम-सहसंबंधाने तपासा, मग लांबीचा परिणाम बाजूला काढून जोड्या बघा. आणि गोड्या पाण्यातल्या माशांत एका आतड्यात बहुतेकदा एक-दोनच जाती, तीही थोड्या संख्येने असतात. जागेसाठी भांडण व्हायला गर्दी तर हवी. स्पर्धा सिद्ध करायची असेल तर चौथ्या टप्प्यातले आतड्याचे ते दहा भाग कामाला येतील, आणि तेही भरपूर ताजे मासे असतील तरच.

## १०. मागे काय ठेवायचं

कच्चा तक्ता प्रबंधाला जोडा: एक ओळ एक मासा, शून्यांसकट. सरासऱ्यांचा तक्ता तो बनवायला पुरत नाही, उलट दिशेने जाता येत नाही. नमुने संस्थेच्या संग्रहात क्रमांकाने ठेवा. महत्त्वाचे वाटले तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे आधी बोलून घ्या. बाटल्यांमधलं अल्कोहोल उन्हाळ्यात उडतं. मेच्या सुट्टीला जाण्याआधी एकदा सगळ्या बाटल्या भरून घ्या आणि आतली चिठ्ठी बाहेरून वाचता येते का ते बघा.